उलाळ

बैलगाडी हाकणाऱ्याच्या बोलण्यात दोन शब्द हमखास यायचे. गाडी धुरजड झाली म्हणजे ओझं पुढं सरकलं आणि जू बैलांच्या मानेवर रुतू लागलं. गाडी उलाळ झाली म्हणजे ओझं मागं गेलं, जू वर उचललं गेलं आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागला. भरतानाच या दोन्हींच्या मधला मोका साधणारा तो खरा गाडीवान. पण शेणखताची गाडी शेतात पोचली की हाच गाडीवान बैल सोडायचा, मागची फळी काढायचा, धुरेला खांदा लावून ती वर ढकलायचा आणि गाडी मुद्दाम उलाळायचा. खत आपसूक घसरून मागं ढीग पडायचा. वाटेत जो दोष, तोच बांधावर पोचल्यावर गुण.

मागच्या प्रकरणात आपण ओझं वाहून नेण्याच्या युक्त्या पाहिल्या. हे प्रकरण ओझं रिकामं करण्याबद्दल आहे आणि माझ्या मते दोन्हींतलं हे जास्त अवघड काम आहे. गोठ्याचं शेण, बांधकामाची रेती, बागेतला पालापाचोळा, गल्लीतला कचरा, काहीही घ्या. एकचाकी ढकलगाडी भरून मुक्कामापर्यंत नेणं कोणालाही जमतं. मुक्कामाला छातीइतक्या उंचीचा डबा उभा असला की तिथं सगळं अडतं.

मला हे कळलं ते ऑगस्ट 2019 मध्ये, कुरुंदवाडला. पंचगंगेच्या काठचं गाव, पलीकडच्या अंगाला नृसिंहवाडी आणि तिथंच कृष्णेचा संगम. पूर आम्हाला नवा नाही. 2005 चा आला होता, पुढं 2021 चा यायचा होता. पण 2019 चं पाणी उतरल्यावर घरात घोटाभर राडा होता. नुसती माती नव्हे. त्यात भिजलेलं धान्य, गाद्यांचा कापूस, कुणाच्या तरी परसातला कडबा, सगळं कालवलेलं. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरची ट्रॉली लावलेली. शेजारच्या गवंड्यानं एकचाकी गाडी दिली आणि आम्ही पोरं खूष झालो, की आता घमेली डोक्यावर घ्यायला नकोत.

पहिली गाडी भरली, ट्रॉलीपर्यंत नेली आणि सगळे थांबलो. ट्रॉलीची कड माझ्या गळ्याशी. गाडी उचलून ओतायची म्हणजे चौघं हवेत आणि चौघांना धरायला जागा नाही. मग काय, गाडी रस्त्यावरच पालथी केली, खोऱ्यानं तो राडा पुन्हा घमेल्यात भरला आणि घमेली डोक्याच्या वर नेऊन ट्रॉलीत फेकली. म्हणजे एकच राडा दोनदा उचलला. दुपारपर्यंत कुणाच्या कमरेत जीव राहिला नाही. ढकलगाडीनं आमचं पन्नास पावलांचं चालणं वाचवलं होतं, उचलणं काडीचं वाचवलं नव्हतं.

असं का होतं, हे कागदावर मांडलं की सरळ आहे. ढकलगाडी ही तरफ आहे. चाक एका टोकाला, मुठी दुसऱ्या टोकाला, ओझं मधे. चाकाच्या आसापासून ओझ्याचा मध्य 45 सेंटिमीटरवर आणि मुठी 135 सेंटिमीटरवर असतील, तर 60 किलो मालाचे हातावर फक्त 20 किलो येतात. उरलेले 40 चाक झेलतं. ओतताना आपण मुठी वर उचलत जातो, ओझं चाकाकडं झुकतं, चाकाच्या माथ्यावर येतं आणि मग पलीकडं कोसळतं. इथवर गाडी आपल्या बाजूनं आहे. पण याच क्षणी गाडीचं नाक कुठं असतं ते पाहा. ते खाली, जमिनीला टेकायला आलेलं असतं. मुठी जितक्या वर जातात, तितकं नाक खाली जातं. एकचाकी गाडी स्वतःच्या चाकाच्या पातळीच्या खालीच नीट ओतू शकते. चार फुटी डब्यात ओतायचं तर चाकच चार फुटांवर न्यायला हवं. यात तिसरा मार्ग नाही: एक तर गाडी वर चढवा, नाही तर डबा खाली उतरवा. बाकीच्या सगळ्या युक्त्या याच दोन्हींची पोरंबाळं आहेत.

यात ताकदीचा भाग किती आहे, तेही मोजून बघण्यासारखं आहे. 60 किलो माल सव्वा मीटरभर उचलायला साधारण 700 जूल ऊर्जा लागते. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम साखरेत 80 हजारांवर जूल असतात. आपलं शरीर त्यातला जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा कामाला लावतं असं धरलं, तरी एका चमच्यात पंचवीस खेपांचा हिशेब बसतो. शिरोळ तालुक्यात राहून साखरेचा तुटवडा कुणाला सांगायचा? तेव्हा अडचण ऊर्जेची नाही. ती एका क्षणी लागणाऱ्या जोराची आहे, वाकलेल्या कमरेची आहे आणि तोल जाण्याची आहे. ओलं ओझं एका बाजूला डचमळलं की गाडी आडवी होते आणि ती सावरायला जाणाऱ्याचं मनगट मुरगळतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्यानं हे कोडं पाण्याच्या बाबतीत कधीच सोडवलं होतं. सोंडेची मोट आठवा. चामड्याची ती भलीमोठी पिशवी, खाली लांब सोंड. पिशवीला जाड नाडा, सोंडेला बारीक सौंदर. विहिरीतून वर येताना सौंदर सोंडेचं तोंड वर धरून ठेवी, म्हणून पाणी सांडत नसे. मोट वर आली की नाडा पिशवीला वरच्या चाकाकडं ओढी आणि सौंदर सोंडेला खालच्या कण्यावरून थारोळ्यात खेची. सोंडेचं तोंड खाली, पाणी थारोळ्यात, तिथून पाटात. ओतायला माणूस लागत नसे. त्याहून हुशारी बैलांच्या वाटेत होती. ती धाव विहिरीपासून उतरती केलेली असायची, म्हणजे भरलेली मोट ओढताना बैलांचं स्वतःचं वजन कामाला येई आणि चढ चढायचा तो रिकामी मोट खाली सोडताना. जोर कुठं लागणार आणि उतार कुठं द्यायचा, हे आधी ठरवून मग खोदकाम. मोट गेली, पंप आले, आणि आधी उतार ठरवायची ही सवयही मोटेबरोबर विहिरीत गेली असं मला कधी कधी वाटतं.

रेल्वेत ती सवय टिकली. मालधक्का म्हणजे काय? वाघिणीच्या तळाला जुळवून बांधलेला ओटा. हमाल पोतं पाठीवर घेऊन सरळ चालत वाघिणीत जातो. चढायचं नाही, उतरायचं नाही. साखर कारखान्यातली गव्हाण हे याचं उलटं रूप. उसाची मोळी टाकायची तो पट्टा सुरुवातीला खाली ठेवलेला असतो आणि पुढं तोच चढत जातो. उंची गाठायचं काम यंत्राचं. याच उसाची फडात ट्रक भरतानाची तऱ्हा मात्र उलटी आहे. तिथं डोक्यावर मोळी घेऊन माणसं ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढतात. एकाच उसाच्या प्रवासात एका टोकाला उंचीचा विचार झालेला आणि दुसऱ्या टोकाला ती माणसाच्या मानेवर सोडून दिलेली.

आम्हीही त्या दिवशी फळीच लावली. घरातला एक मोडका दरवाजा ट्रॉलीला टेकवला आणि गाडी वर ढकलली. ओल्या राड्यानं दरवाजा असा बुळबुळीत झाला, की दुसऱ्याच खेपेला मी गाडीसकट खाली. गणितही आमच्या विरुद्ध होतं. माल 60 किलो, गाडी 15; पाच फुटांना एक फूट असा चढ धरला तरी 15 किलोचा जोर सतत ढकलायला लागतो आणि चार फूट उंची गाठायला वीस फूट लांब फळी हवी. आरामात चढायचं म्हणून आठाला एक असा चढ केला, तर जोर साडेनऊ किलोवर येतो, पण फळी बत्तीस फुटांची होते. आमची गल्ली तेवढी रुंदही नाही.

वाट दाखवली ती पलीकडच्या आळीतल्या एका तात्यांनी. ते बराच वेळ कट्ट्यावर बसून आमची गंमत बघत होते.

"आरं, ट्रॉली तिकडं कशाला लावलीया?"

"मग कुठं लावायची, तात्या?"

"जोत्याला लाव की. फाळका पाड आन् मागं घे."

कुरुंदवाडच्या जुन्या घरांची जोती उंच असतात. ती पुराच्या धास्तीनंच उंच बांधलेली. आमचं जोतं साडेतीन फुटांचं. ट्रॉलीचा मागचा फाळका पाडला आणि ती मागं घेत घेत जोत्याला भिडवली, तेव्हा तिचा तळ जोत्याच्या चार बोटं खाली आला. पाडलेल्या फाळक्यानं मधली फट झाकली. गाडी सोप्यातून भरून निघायची, ओसरीवरून सरळ कडेपर्यंत यायची, मुठी वर, राडा खाली. कडेला आडवा ओंडका ठेवला होता, चाक त्याला अडायचं, म्हणजे गाडी हातातून सुटून ट्रॉलीत जायची भीती नाही. सकाळपासून जेवढं काम झालं नव्हतं, तेवढं दिवस मावळायच्या आत झालं. पुराशी झगडायला आजोबांनी बांधलेलं जोतं पुराचा राडा काढायलाही कामी आलं. ते आमच्या डोळ्यांसमोर होतं. आम्हाला ते फक्त चढायच्या पायऱ्यांइतकंच माहीत होतं.

तात्यांच्या एका वाक्यात जे होतं, ते जगाच्या ढकलगाड्यांच्या इतिहासातही दिसतं. चीनमध्ये ही गाडी फार जुनी. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात झुगे लियांग या सेनानीनं डोंगरी वाटांवरून रसद न्यायला 'लाकडी बैल' वापरला अशी नोंद आहे आणि तो एकचाकी गाडाच असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात. चिनी गाड्यात मोठं चाक मधोमध आणि ओझं त्याच्या दोन्ही अंगांना, त्यामुळं जवळजवळ सगळा भार चाकावर. लांबच्या पल्ल्याला याहून चांगलं काही नाही, पण तो गाडा झटक्यात उलाळता येत नाही; माल हातानं उतरवावा लागतो. युरोपात ही गाडी बऱ्याच उशिरा, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागते, मुख्यतः बांधकामांवर. तिथं चाक पुढं गेलं. हातावरचा भार वाढला, पण दगड-चुना नाकावरून ओतता येऊ लागला. वाहणं सोपं करायचं की ओतणं, हा सौदा त्या एका चाकाच्या जागेत ठरतो. आपल्या गवंड्याची गाडी ओतण्याच्या बाजूची आहे, म्हणून तिला खालची जागा लागते.

आता या गोष्टीची काळी बाजू. 1948 साली कुरुंदवाडचं पटवर्धनांचं संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारनं सफाई कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला बर्वे समिती नेमली. गावोगावच्या टोपल्यांच्या संडासांतला मैला माणसं पाटीत भरून डोक्यावरून नेत होती. समितीचा अहवाल 1952 चा, आणि 1955 मध्ये केंद्राच्या गृहखात्यानं त्यातल्या मुख्य शिफारशी सगळ्या राज्यांना धाडल्या. डोक्यावरची पाटी जाऊन ढकलगाडी यावी, हा त्या काळच्या सुधारणेचा गाभा होता. गाड्या घ्यायला नगरपालिकांना अनुदान मिळू लागलं. 1957 मध्ये याच प्रश्नावर मलकानी समिती बसली, तिचा अहवाल 1960 चा.

हेतूबद्दल शंका नाही. डोक्यावरची पाटी उतरली, तर माणसाची मान वर होते. पण गाडीनं सुटला तो फक्त मधला रस्ता. संडासातून उपसणं तसंच राहिलं आणि मुक्कामाला गाडीतून टाकीत ओतणं तसंच राहिलं, तेही पातळ, हिंदकळणाऱ्या मैल्याचं. शिवाय जिथं बोळ अरुंद आणि पायऱ्यांचा, तिथं गाडी शिरणार कुठून? कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांना हे फार आधी उमगलं होतं. आडनाव आमच्या संस्थानिकांचंच, पण हा माणूस 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपोषणाला बसलेला. गोपुरीत त्यांनी संडासाची रचनाच अशी केली, की मैल्याचं खत जागेवर व्हावं. हाताळायची ती माती. ओतायची अडचण सोडवण्याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ओतावंच न लागणं. हातानं मैला उचलण्याच्या प्रथेवर कायद्यानं बंदी यायला 1993 उजाडलं आणि 2013 मध्ये पुन्हा नवा, कडक कायदा करावा लागला, यावरून गाड्यांनी काय साधलं ते समजून घ्यावं.

कचऱ्याच्या बाबतीतही शहाणपण उशिराच आलं म्हणायचं. अलमित्रा पटेल यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर नेमलेल्या समितीनं 1999 मध्ये अहवाल दिला आणि त्यातून 2000 चे घनकचरा नियम आले. कचरा हातानं हाताळू नये, हे त्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. त्याच सुमाराला शिफारस झाली ती सुट्या डब्यांच्या हातगाडीची: एका मोठ्या हौदाऐवजी गाडीवर 30-40 लिटरचे वेगवेगळे डबे. ही गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण उंच डब्यात ओतण्याच्या कोड्याचं हे सगळ्यात स्वस्त उत्तर आहे. 100 किलोची गाडी कुणी उचलू शकत नाही. 15 किलोचा डबा उचलता येतो. रस्त्यावर पालथं करून पुन्हा भरण्याची आमची ती मूर्खपणाची खेप वाचते. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका डबे-बादल्या लावलेल्या गाड्या ढकलताना दिसतात, त्यामागं हाच हिशेब आहे. ओला-सुका वेगळा ठेवता येतो हा वरचा फायदा.

तरी उंची पाठ सोडत नाही. अमेरिकेच्या 'नायोश' या संस्थेनं उचलण्याचं जे सूत्र केलं आहे, त्यात सगळं अनुकूल असताना, म्हणजे ओझं अंगालगत, मांडीच्या वरच्या उंचीवर आणि कंबर न वळवता, 23 किलो ही मर्यादा धरली आहे. ओझं त्या उंचीवरून वर किंवा खाली गेलं, अंगापासून लांब गेलं, कंबरेला पीळ पडला, की मर्यादा भराभर उतरते. आता आपल्या गावांतून दिसणारे चाकांचे प्लॅस्टिक डबे पाहा. 240 लिटरचा डबा साधारण 105 ते 110 सेंटिमीटर उंच असतो, 1100 लिटरचा त्याहून फूटभर वर. भारतीय बाईची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर आहे. मोठ्या डब्याची कड तिच्या खांद्याच्या वर जाते. तो डबा ज्या गाडीला अडकवून यंत्रानं उलटा करायचा, त्या गाडीच्या सोयीनं त्याची उंची ठरली; रोज सकाळी जी बाई तो भरते, तिच्या सोयीनं नव्हे. मग कचरा डब्याच्या शेजारी पडतो आणि आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही.

ज्यांच्याकडं जोतं नाही आणि डबा बदलणंही हातात नाही, त्यांच्यासाठी अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. 240 लिटरचा चाकांचा डबा असेल, तर तो सरळ आडवा पाडा. गाडीचं नाक त्याच्या तोंडाशी आणा, पालापाचोळा फावड्यानं आत लोटा आणि डबा त्याच्याच चाकांवर रेटून उभा करा. म्हणजे गाडीऐवजी डबाच उलाळायचा. ओली माती किंवा शेण असेल, तर अर्ध्याच्या वर भरू नका. उभा करताना तुमचंच मनगट जाईल. गाडीच्या तळाला आधी गोणपाट अंथरलं, तर चार कोपरे धरून दोघांना माल एकदम उचलता येतो आणि शेणासारखा चिकट माल तळाला बसत नाही. गोणपाट नसेल, तर आधी मूठभर भुसा किंवा राख भुरभुरा. फळी लावायची झाली, तर तिच्यावर वीतभर अंतरानं आडव्या पट्ट्या ठोका, पण मधली चाकापुरती वाट मोकळी सोडा, आणि ट्रॉली असो की डबा, चाकाला उटी लावल्याशिवाय वर चढू नका. गोठा किंवा खताचा हौद नव्यानं बांधणार असाल, तर यातलं काहीच करावं लागणार नाही. हौद गोठ्याच्या जमिनीखाली दोन फूट घ्या, गाडीच्या वाटेला हौदाकडं किंचित उतार द्या आणि कडेला चाक अडेल असा दगड बसवा.

आणि डबा विकतच घेणार असाल, तर तो जो माणूस रोज भरणार आहे, त्याला दुकानात बरोबर न्या. शेजारी उभं करा. डब्याची कड त्याच्या कोपराच्या वर जात असेल, तर पैसे देऊ नका. दुसरा दाखवायला सांगा.